फुलचूरवरून जाणारं विमान

विमान आकाशातून जातं आणि त्यासाठी जमिनीवर मांडव टाकावा लागत नाही, एवढी साधी गोष्ट सांगणारा एकही माणूस त्या वर्षी गोंदियाच्या फुलचुरात निघाला नाही. जे होते ते सगळे मांडवाच्या बाजूचे होते, आणि त्यांच्यात सर्वांत पुढे मी होतो.

मी रत्नपाल शहारे, पाटबंधारे विभागात वरिष्ठ लिपिक. माझी मुलगी रीना शिष्यवृत्तीवर बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती. ही गोष्ट मी ऑफिसात रोज सांगत नसे. एक दिवसाआड सांगत असे. तर एका रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, येत्या रविवारी माझी एकटीची पहिली लांबची फेरी आहे. तिरोड्याकडे जायचं, बोदलकसाच्या तलावावरून वळायचं आणि फुलचूरवरून परत बिरसीला."

मीठ मागावं तसं तिनं हे सांगितलं. माझी बायको अल्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं विचारलं, "डबा नेशील का?"

माझा घास मात्र हातातच राहिला. "फुलचूरवरून? म्हणजे आपल्या घरावरून?"

"त्याच बाजूनं."

मी ताटावरून उठलो. हात धुतले, अंगणात गेलो आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या दुधराम कटऱ्यांना हाक मारली. दुधरामभाऊ निवृत्त ग्रामसेवक. गोरेगावकडे त्यांची धानाची शेती आहे आणि फुलचुरात घर. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. ते कोणाला मुद्दाम सांगत नाहीत, फक्त मोठ्यानं बोलतात.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर दहा-बारा खुर्च्या, दोन थर्मास आणि निम्मी गल्ली जमली. जमली असावी, असं म्हणतो, कारण धुकं असं होतं की मला माझाच जिना दिसत नव्हता. धुक्यातून एक माकडटोपी बाहेर आली. तिच्यात दुधरामभाऊ होते.

"काऊन जी शहारे साहेब, आलं का विमान?"

"धुकं आहे न भाऊ. नाही उडणार."

"खाली धुकं आहे. वरती त उन्ह असंल. वरून येऊ द्या तिले."

"तसं चालत नाही. नियम आहेत."

"कायचे नियम? वरती कोण उभा आहे शिट्टी घेऊन?"

मी निरुत्तर झालो. सरकारी नोकरीत निरुत्तर होणं ही रोजची गोष्ट आहे, पण तिथं समोरचा माणूस उद्या या म्हटलं की निघून जातो. दुधरामभाऊ शेजारीच राहतात. म्हणून मी त्याच संध्याकाळी रीनाचं पुस्तक मागून घेतलं आणि अभ्यासाला बसलो.

त्या पुस्तकाचा सारांश असा. विमान चालवण्याच्या दोन रीती. पहिली म्हणजे समोरच्या यंत्रांकडे पाहून. ढगात शिरलात, काही दिसेनासं झालं, तरी काटे सांगतात त्यावर भरवसा ठेवायचा. दुसरी म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून. खासगी वैमानिकाचा परवाना काढणारे आणि शिकाऊ पोरं यांना ही दुसरीच रीत. हिचे नियम म्हणजे व्हिज्युअल फ्लाइट रूल्स. समोर निदान पाच किलोमीटर स्वच्छ दिसलं पाहिजे. याला दृश्यमानता म्हणतात. ढगापासून बाजूनं दीड किलोमीटर आणि वरखाली हजार फूट लांब राहायचं. खालची जमीन ओळखू आली पाहिजे. रस्ता, रेल्वे, तलाव, टेकडी पाहत पाहत जायचं. आणि वस्तीवरून जाताना हजार फुटांच्या खाली यायचं नाही, मग खाली बाप उभा असो की कोणी.

मी हे सगळं दुधरामभाऊंना समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पोरगी डोळे उघडे ठेवून चालवून राहिली. हेच न? त्याले एवढं जाड पुस्तक कायले?"

पुढच्या खेपेला धुकं नव्हतं. आभाळ दुधासारखं होतं, म्हणजे पांढरं आणि पाणी घातलेलं. राइस मिलांचा धूर, शेतातला जाळ आणि थंडी यांनी मिळून गोंदियावर एक मळकट चादर घातली होती. रीनाचा बिरसीहून फोन आला. हवामानाचा अहवाल साडेतीन किलोमीटर सांगत होता. मी गच्चीवरून पाहिलं. मला तर मिलचं धुराडं चांगलं दिसत होतं. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, ते धुराडं आपल्या घरापासून दीड किलोमीटर आहे." मी फोन ठेवला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की वरून आदेश आला आहे. आपल्याकडे या वाक्यानंतर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

एवढ्यावर थांबतो तर मी शहारे कसला. रोज रीनाकडून ती हवामानाची सांकेतिक ओळ विचारून घ्यायची आणि भिंतीवरून जाहीर करायची, असं मी सुरू केलं. वारा इकडून, दृश्यमानता इतकी, ढग अमुक फुटांवर. हळूहळू लोक विचारायला येऊ लागले. सत्यनारायण केव्हा घालावा, घराला रंग केव्हा द्यावा, सालेकशाला पाहुण्यांकडे मोटारसायकलनं जावं की एसटीनं. एका सकाळी प्रेमिलावहिनींनी, म्हणजे दुधरामभाऊंच्या पत्नीनं, विचारलं, "भाऊजी, आज मुंगाच्या वड्या घालू का?" मी डोळे बारीक करून क्षितिजाकडे पाहिलं आणि परवानगी दिली. दुपारी पाऊस आला. वड्यांचं पुन्हा पिठलं झालं.  दुधरामभाऊंनी ते पिठलं डब्यात भरून आमच्याकडे पाठवलं आणि निरोप दिला, "साहेबाले म्हणा, ढगातून आलं आहे."

माणसाची प्रतिष्ठा अशी पातळ होत चालली की तो ती घट्ट करायला काहीतरी मोठं करायला निघतो. अशा माणसाचा वास केशोरावांना लांबून येतो. केशोरावांचं आमच्या चौकात बिछायत केंद्र आहे, म्हणजे मांडव, खुर्च्या, माइक भाड्यानं मिळायचं दुकान. बारसं असो की तेरवी, ते सारख्याच उत्साहानं सतरंज्या घेऊन येतात.

"साहेब, ऐसा छत पे खडे रहके नहीं होता," ते म्हणाले. "गावची पोरगी विमान घेऊन येऊन राहिली आणि आपण थर्मास घेऊन उभे? अपने घर का कार्यक्रम है. मांडव टाकू, माइक लावू, चार पाहुणे बोलावू. बाकी माझ्यावर सोडा."

बाकी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी बाकी म्हणजे लाउडस्पीकरची परवानगी माझ्यावर सोडली.

पोलीस ठाण्यात टेबलावर जे हवालदार होते त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण अर्ज वाचला.

"विमान कोणाचं?"

"माझी मुलगी चालवणार आहे."

"उतरणार कुठे?"

"उतरणार नाही. वरून जाणार."

"मग परवानगी कायची?"

"खालच्या लाउडस्पीकरची."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ती वरून जाणार आणि तुम्ही खालून माइकवर तिच्याशी बोलणार?"

"नाही, आम्ही लोकांशी बोलणार."

"लोक कुठे राहतील?"

"खाली. माझ्याजवळ."

"मग जवळच्या माणसाशी बोलायले माइक कायले पाहिजे?"

मी अर्ज त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला. पण हवालदारांना एक वेगळाच संशय आला होता. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "कोणी मंत्री-बिंत्री येऊन राहिला का? सांगून टाका. आम्हाले बंदोबस्त लावावा लागते." मी नाही म्हटलं. ते हसले. मोठे कार्यक्रम असले की लोक आधी नाहीच म्हणतात, हा त्यांचा अनुभव होता. रीनाच्या फेरीची नवी तारीख पुढच्या रविवारची होती, तिची परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांत कोणीतरी मुरूम टाकून गेलं. ते खड्डे बुजावेत म्हणून रहिवासी वर्षानुवर्षं अर्ज करत होते आणि खड्डे निवांत होते. तिसऱ्या दिवशी वॉर्डाच्या नगरसेविका निर्मलाबाई स्वतः आल्या आणि अध्यक्षपद स्वीकारून गेल्या. आम्ही ते देऊ केलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी चौकात बॅनर लागला: "फुलचूरची शान कु. रीना शहारे हिचे आकाशातून जाताना हार्दिक स्वागत." त्यावर निर्मलाबाईंचा फोटो दारापेक्षा मोठा होता, केशोरावांचा खिडकीएवढा, आणि खाली कोपऱ्यात विमानाजवळ उभी रीना, इंजेक्शनच्या बाटलीवरच्या अक्षरांएवढी.

शनिवारी संध्याकाळी रीनानं तो बॅनर पाहिला. घरात आली, सॅक ठेवली आणि माझ्यासमोर बसली.

"पप्पा, मांडव नका टाकू."

"मांडव नाही ग. थोडी सावली केली आहे."

"उद्या पश्चिमेकडे ढग येऊ शकते. सकाळी वातावरण पाहून ठरेल. मी येईन असं मी कोणालेच म्हटलं नाही."

"मी कुठं म्हणतो की ये? तू नियमानंच ये."

"नियमानं येईन किंवा येणार नाही," ती म्हणाली आणि आत गेली. अल्का स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "लेकरू एकटं जाऊन राहिलं आकाशात. तुम्हाले खुर्च्यांची पडली आहे." यावर मी वर्तमानपत्र उघडलं.

रविवारी आभाळ असं निघालं की पुस्तकात छापावं. निळं, धुतलेलं, ढगाचा कापूस नाही. सकाळी लवकरच रीनाचा मेसेज आला की फेरी मंजूर झाली. मी ब्लेझर घातला. फेब्रुवारीच्या शेवटी गोंदियात ब्लेझर घालणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत काय होतं ते वेगळं सांगत नाही. चौकात मांडव भरला होता. पोहे होते, जिलबी होती, मंत्र्याच्या आशेनं आलेले दोन पोलीस होते. केशोरावांनी फटाक्यांची लड रस्त्याच्या कडेला लांबवर अंथरली होती, आणि माझ्या हातात माइक दिला.

मी बोललो. पाच किलोमीटर, दीड किलोमीटर, हजार फूट. लोकांनी आधी ऐकलं, मग पोहे खाल्ले, मग माझ्याकडे पाहणं सोडून वर पाहू लागले, जे विषयाला धरूनच होतं. तेवढ्यात एक घार आली. टाळ्या झाल्या. मी माइकवरून खुलासा केला. मग दुसरी घार आली, तिलाही टाळ्या झाल्या.

आणि मग खरोखर विमान आलं. पण ते फार वर होतं. कलकत्त्याकडे जाणारं मोठं प्रवासी विमान, तांदळाच्या दाण्याएवढं, मागं पांढरी रेघ ओढत. "आली! पोरगी आली!" कोणीतरी ओरडलं. केशोरावांनी लडीला काडी लावली. बँडवाल्यांनी जे येत होतं ते वाजवलं. निर्मलाबाईंनी उठून दोन्ही हात हलवले आणि झेंडूचा जाड हार माझ्या गळ्यात घातला.

मी माइकवर ओरडत होतो, "नाही, ते विमान नाही! ते पस्तीस हजार फुटांवर आहे! आपलं लहान आहे, खालून येईल!"

"काय म्हणून राहिले साहेब?" मागून कोणीतरी विचारलं.

"पोरगी पस्तीस हजार फुटांवर पोचली म्हणतेत."

टाळ्या वाढल्या. फटाके संपले तशी निर्मलाबाईंची गाडी निघून गेली, पोलीस गेले, बँड गेला. अर्ध्याहून जास्त लोक अगदी समाधानानं जिलबी खात घराकडे वळले. मी ब्लेझरमध्ये घामानं भिजून पश्चिमेकडे पाहत उभा राहिलो. तिची वेळ झाली. तिची वेळ टळली. घारीसुद्धा येईनात. अल्का माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं माझ्या बाहीचं टोक मुठीत धरून ठेवलं. अचानक मला खुर्च्या, माइक, बॅनर काहीच दिसेनासं झालं. फक्त ते रिकामं निळं आभाळ दिसत होतं.

मग फोन वाजला. "पप्पा, मी बिरसीला उतरली. अर्ध्यातून परत आली. तिकडे ढग होते."

आता चांगल्या बापानं काय म्हणायला पाहिजे होतं, हे मला माहीत आहे. मी म्हणालो, "ढग? इथं तर नावालाही ढग नाही! लोक बसले आहेत इथं!"

तिनं फोन ठेवला.

मी स्कूटर काढली आणि तसाच बिरसीला निघालो. रागानं निघालो होतो, खोटं कशाला बोलू. वाटेत लोक माझ्याकडे वळून पाहत होते आणि काही जण हात जोडत होते. त्याचं कारण फाटकावर कळलं. तिथला रखवालदार उभा राहून म्हणाला, "बधाई हो साहेब. कहाँ से जीते?" हार अजून गळ्यातच होता.

रीना हँगरच्या सावलीत पायरीवर बसली होती. हातात चहाचा कप, पण चहावर साय जमली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. बोलायचं ठरवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पाहून ते तिथंच राहिलं.

"तिरोड्यापर्यंत सगळं साफ होतं," ती म्हणाली. "बोदलकसाचं पाणी पण दिसून राहिलं होतं, चमकून राहिलं होतं. मग पुढच्या टेकड्या दिसेना झाल्या. एकदम नाही, हळूहळू. ढग खाली येऊन राहिले होते. मग पाणी पण गेलं. फक्त बरोबर खालचं जंगल दिसे."

"मग फिरलीस न तू?"

"तिथंच फिरायले पाहिजे होतं. शिकवलंच आहे तसं. पण मी थोडी सरळच गेली."

"काऊन?"

तिनं कपातल्या सायीकडे पाहिलं. "तुम्ही मांडव टाकला होता न, पप्पा."

मी तिच्या बाजूला पायरीवर बसलो. ब्लेझर, हार, सगळ्यासकट.  त्या दोन-चार क्षणांत, ती सरळ जात होती तेव्हा, मी माइकवर काय करत होतो ते मला आठवलं. मी लोकांना समजावून सांगत होतो की ढगापासून दीड किलोमीटर दूर राहावं लागतं.

तिला शिकवणारे कॅप्टन साहेब आतून बाहेर आले. मी उठलो. ते माझ्या हाराकडे पाहून क्षणभर थबकले आणि म्हणाले, "आपकी बेटी ने आज सबसे मुश्किल काम किया. वापस मुडना कोई पसंद नहीं करता." त्यांना त्या दोन-चार क्षणांचं माहीत होतं का, ते मला कळेना. रीनानं मान खाली घातली आणि म्हणाली, "सर, मैं थोडा लेट मुडी." ते म्हणाले, "मालूम है. अगली बार जल्दी मुडना."

परत आलो तेव्हा मांडव सोडणं चालू होतं. केशोराव माझ्या स्कूटरवर रीनाला पाहून धावत आले. "वा बेटा! काय आलं जी विमान! एकदम झक्कास!"

"काका, ते माझं नव्हतं," रीना म्हणाली. "मी आलीच नाही. ढग होते म्हणून परत गेली."

केशोरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "बेटा, असं मोठ्यानं नको बोलू. फटाके फुटले आता."

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली: "रीनाने घेतली उत्तुंग झेप, फुलचूरवासीयांनी अनुभवला ऐतिहासिक क्षण." निर्मलाबाईंचा हात हलवतानाचा फोटो होता. मी ऑफिसात ज्याला त्याला सांगू लागलो की हे खोटं आहे, ती आलीच नाही. मुलीचं कौतुक एक दिवसाआड सांगायचो तेव्हा सगळे कंटाळायचे. आता प्रत्येक जण मला समजावू लागला की साहेब, एवढी नम्रता बरी नाही.

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो. दुधरामभाऊ पलीकडे झाडांना पाणी घालत होते. म्हटलं, यांचं जे काय असेल ते आजच ऐकून घ्यावं.

"भाऊ, ते विमान रीनाचं नव्हतं. ती वाटेतूनच परत फिरली होती."

"मले माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"तुमचं तोंड पाहत होतो न मी. सगळे वरती पाहत होते." त्यांनी पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. "घाबरली असंल लेकरू."

"घाबरली होती."

"आणि तुम्ही?"

मी भिंतीवरून वाकून त्यांच्या पाइपला पडलेला पीळ सोडवला. 

रीनाची ती फेरी पुढं झाली. केव्हा, ते तिनं आधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. कामाच्याच एका दिवशी मी ऑफिसात कालव्यांच्या गाळाबद्दलच्या बैठकीत बसलो होतो. खिडक्या बंद होत्या, पंखा खडखडत होता, साहेब गाळावर बोलत होते. दुपारी फोन आला.

"पप्पा, झालं. बोदलकसा, फुलचूर, सगळं. आताच उतरली."

मी बैठकीतून उठून व्हरांड्यात आलो. "ढग?"

"नव्हते."

"नीट दिसत होतं?"

"एकदम साफ." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्ही पाहिलं का?"

"नाही ग. मी बैठकीत होतो. पण तू तर वरून पाहिलं असशील? आपलं घर, चौक?"

"नाही, पप्पा," ती म्हणाली. "मी समोर पाहत होती."